पांढऱ्या दोऱ्याचा मासा

समोर मासा आला की आण्णा आधी त्याचा कल्ला उचलायचे. रत्नागिरीच्या बाजारात बायका ताजेपणा बघायला उचलतात तसाच, अंगठ्याने. बायकांना पुढे भाव करायचा असायचा. आण्णांना तो मासा कोण आहे, एवढंच हवं असायचं.

१९५८च्या सुमारास जर्मनीत हायडेलबर्गला आम्ही एका खोलीत राहत होतो. ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, बायको आणि दोन मुली गावी ठेवून डॉक्टरेटसाठी आलेले. मी रसायनशास्त्राचा. त्यांचा विषय झोनेनबार्श, म्हणजे अमेरिकेतून कधीतरी आणून नेकार नदीच्या एका जुन्या फाट्यात सोडलेले तळहाताएवढे रंगीत मासे. त्यांचा इथे एकच प्रकार आहे, असं त्यांच्या प्रोफेसरांनी पुस्तकात लिहून ठेवलं होतं. आण्णा म्हणत, दोन आहेत. डॉक्टरेट त्यावरच अडकली होती.

"कल्ल्याच्या टोकाला लाल ठिपका, आणि बाजूचा पर पुढे दुमडला की डोळ्यापलीकडे जातो, तो नेहमीचा," ते जेवताना सांगायचे. "दुसऱ्याचं टोक लांब, नुसतं काळं. पर आखूड." हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही मासा ओळखला असता.

ओळख पटलेले जादा मासे ते घरी आणत आणि मी गावाहून आलेल्या तिखट-हळदीत तळत असे. घरमालकीण वासाने वैतागून दार वाजवायची. आण्णा जर्मनमध्ये "या, या", म्हणजे हो-हो, म्हणत तिची समजूत काढायचे. नियम एकच होता. शेपटीला पांढरा दोरा असलेला मासा प्रयोगशाळेचा, बिनदोऱ्याचा तव्याचा. "दोरा दिसला की भूक विसरायची," असं ते बजावायचे.

त्या ऑक्टोबरात एका शनिवारी त्यांना दुसरा प्रकार पुन्हा सापडला. मासे टिकवायच्या फॉर्मॅलिनमध्ये रंग जातो म्हणून प्रोफेसरांनी आधीच्या बाटल्या नाकारल्या होत्या. ताजा, अख्खा मासा दाखवा, असं त्यांचं फर्मान होतं. प्रयोगशाळा सोमवारपर्यंत बंद. दूध-लोणी आम्ही खिडकीबाहेरच्या थंडीत ठेवायचो, तिथेच आण्णांनी मासा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. त्या संध्याकाळी ते उगाचच हसत होते. रविवारी पहाटे जोडीला आणखी एखादा मिळतो का बघायला पुन्हा नदीवर गेले.

दुपारी मी फडकं उघडलं. दोन आठवडे बटाटे आणि कोबी खाऊन जीव विटला होता. दोरा होता. मी तो पाहिला. आणतीलच आज दुसरा, असं मनाशी म्हणालो, हळदीच्या हातांनीच दोरा कापून कोळशाच्या बादलीत टाकला, आणि अर्धा मासा आण्णांसाठी झाकून ठेवला, हे माझं औदार्य.

ते रिकाम्या हाताने परतले. ताटाकडे बघून त्यांनी विचारलं, "दोरा नव्हता?"

"नव्हता, आण्णा."

"मग मीच विसरलो असेन."

त्यांनी माझ्या ताटातले काटे गोळा करून धुतले आणि सोमवारी नेऊन प्रोफेसरांना दाखवले. मासा कुठे गेला, यावर "मी खाल्ला" एवढंच सांगितलं. पुरावा खाणारा विद्यार्थी पहिल्यांदाच पाहतोय, असं प्रोफेसर म्हणाले आणि सगळे मनसोक्त हसले. मी ते आण्णांच्याच तोंडून ऐकलं. वसंतात फाटा बुजवून तिथे रस्ता आला. तोवर तसा मासा पुन्हा मिळाला नव्हता. प्रबंध परत आला.

गावी परतायला स्टेशनवर गाडीत चढताना आण्णांनी पाकिटातून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. हळदीने पिवळा झालेला दोऱ्याचा तुकडा. कोळशाची बादली रोज सकाळी तेच साफ करायचे, हे मला त्या रविवारी आठवलं नव्हतं.

"कुणी विचारलं तर मीच विसरलो म्हणून सांग," ते शांतपणे म्हणाले. "मला आता तसंच सांगायची सवय झालीय."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्यांनी तेवढंही केलं नाही, याचा मला अजून राग येतो, आणि असा राग येतो याची लाज वाटते.

पुढच्या वर्षी मी डॉक्टर झालो. तालुक्याच्या शाळेत शिकवणाऱ्या आण्णांचं अभिनंदनाचं पत्र आलं. मी त्याला उत्तर लिहिलं नाही.