दिलीपदादांचा कच्चा लिंबू

दिलीपदादा फार त्रासदायक माणूस होते.

गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, माहीत आहे. पण अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोणालाही विचारा.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचं एसीच्या डक्टचं वर्कशॉप. कुटुंब चिपळूणला. दिवसभर राबलेल्या माणसाने संध्याकाळी घरी येऊन पडावं की नाही?

नाही. कपड्यांवर पत्र्याची धूळ तशीच, आणि आमची बेल.

"वहिनी, इराला सोडा. लगोरीला एक भिडू कमी आहे."

रोज एकच भिडू कमी. तोही नेमका ट्यूशनच्या वेळी.

मागच्या पार्किंगमध्ये साइटवरून आणलेले फरशीचे तुकडे रचायचे आणि पन्नाशीचा हा माणूस पोरांमागे धावायचा. स्टेंट बसवलेली. डॉक्टरांनी धावू नका म्हणून बजावलेलं.

वॉचमन ओरडायचा, "यल्ला, खलास करो!"

"हबीबी, लास्ट डाव."

तो लास्ट कधीच नसायचा.

माझी मुलगी इरा नाशिकहून इथे आली तेव्हा पाच वर्षांची होती. खाली नेलं की माझा पाय सोडायची नाही. दादांनी तिला कच्चा लिंबू केलं. म्हणजे चेंडू लागला तरी ती आउट नाही. लहान मुलांना घेतात तसं. ठीक आहे.

पण तीन वर्षं?

मी एकदा वैतागून म्हणालो, "दादा, ती आता थर्डला आहे. बाकीची मुलं हसतात. अशाने कॉन्फिडन्स कसा येणार?"

"तिचं ती सांगेल, साहेब. तुम्हाला कसली घाई? मोठी माणसं काय कमी आहेत आपल्याकडे?"

अशा माणसाशी काय बोलणार!

मागच्या महिन्यात चेंडू इराच्या पाठीत बसला. कोणी काही म्हणायच्या आत ती ओरडली, "आय अ‍ॅम आउट! दादाकाका, मी आउट!"

आउट झाल्याचा एवढा आनंद मी कधी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. दादा तर नाचायलाच लागले. मी म्हणालो, बसा आता. बसले नाहीत.

या सोमवारी सकाळी दादा वर्कशॉपमध्येच गेले. धावताना नाही. खुर्चीत बसून चहा पिताना.

आज दुपारच्या फ्लाइटने त्यांना गावी नेलं.

संध्याकाळी बेल वाजली नाही. पण इरा चपला घालून दारात उभी.

"बाबा, वी आर वन शॉर्ट."

"आज नको, बाळा."

"दादाकाका विल बी अँग्री."

गेलो. ऑफिसच्या बुटांत. पहिलाच चेंडू खांद्यावर बसला आणि पोरं ओरडली, "अंकल आउट!"

"नो!" इरा माझ्यासमोर हात पसरून उभी राहिली. "माझे बाबा कच्चा लिंबू आहेत."

म्हणजे आता मला रोज जावं लागणार. जाता जाता हाही त्रास लावून गेलात, दादा.

किती दिवस लिंबू राहायचं, ते माझं मी सांगेन. घाई नाही.

या आता. पार्किंगमधल्या सगळ्या भिडूंचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.