आजऱ्याच्या नकलाकाराची तबकडी

निवृत्तीनंतर मला जुन्या तबकड्यांचा नाद लागला. कोल्हापुरात रविवारच्या जुन्या बाजारात एका भंगारवाल्याकडं अशीच एक मिळाली. तिच्यावरचा कागद पार घासून गेला होता. घरी आणून चावीच्या ग्रामोफोनवर लावली, तर गाणं नव्हतंच. जनावरांचा बाजार होता. म्हैस रेकत होती, दलाल आणि गिऱ्हाईक हुज्जत घालत होते, आणि मध्येच एक बाई दोघांनाही झापत होती. दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं, हे सगळं एकच माणूस करतोय. शेवटी तो खाकरतो, आपलं नाव सांगतो आणि म्हणतो, "राहणार आजरा."

माझ्या ओळखीचे एक काजूचे व्यापारी आजऱ्याला नेहमी जातात. त्यांना मी ते नाव दिलं. महिन्याभरानं त्यांचा फोन आला. त्या नकलाकाराची मुलगी हयात होती. वय ऐंशीच्या पुढं, नातवाकडं राहत होती.

ग्रामोफोनची पेटी मांडीवर घेऊन मी एसटीनं गेले. चहा होईपर्यंत आजींनी वडिलांविषयी सांगितलं. ते नाटक कंपनीत नकला करायचे. पुढं घशाचं दुखणं झालं आणि आवाज गेला तो गेलाच. आजी जन्मल्या त्या त्यानंतर. वडिलांची त्यांनी फक्त कुजबुज ऐकलेली. रानात लांबून बोलवायचं झालं, तर ते टाळ्या वाजवायचे.

मी तबकडी लावली. नातू आणि नातसून हसून लोटपोट झाले. आजी हसल्या नाहीत. तबकडी थांबल्यावर त्यांनी मला विचारलं, "ह्यातला आमचा आबा कंचा?"

मी म्हटलं, "सगळेच आवाज त्यांचे आहेत."

"तसं न्हवं, बाई. त्यो सोता कसा बोलायचा?"

मी सुई उचलून अगदी शेवटाकडं ठेवली. खाकरणं, नाव, राहणार आजरा. आजी पुढं वाकल्या. "खाकरनं त्येचंच हाय," त्या म्हणाल्या. "परत लावा की."

तेवढाच भाग मी पाच-सहा वेळा लावला. वडिलांचं घर, गाव, सगळं त्या दोन शब्दांत आल्यासारखं त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, आता सगळी लावा. या खेपेला त्या हसल्या, आणि झापणारी बाई आली तशी त्यांनी मला कोपरानं ढोसलं. ती त्यांची आई होती. आबांनी बायकोचीच नक्कल केली होती. आई कशी झापायची ते आजींनी करूनही दाखवलं, हातवाऱ्यांसकट. तोच सूर, तोच तोरा. नातू आजीकडं बघतच राहिला. आजीला नकला येतात हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

मी मोबाइल काढला आणि त्यांना पुन्हा एकदा करायला सांगितलं. आजींनी पदर सावरला, आधी नीट खाकरल्या, आणि सुरुवात केली.