निवटीचा चौथा नियम

पावणे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी क्वालिटी बघते. रबरी वॉशर मापात बसतो की नाही, बसत नसेल तर किती घासायचा, हे ठरवणं माझं काम. मुलगी नोकरीला बंगळुरूला गेली आणि तिचा फाशांचा खेळ खारघरच्या आमच्या घरी राहिला, तेव्हा तो चालवायला मीच बसले. खेळ सोपा आहे. एकीने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं, आणि अवघड काही करायचं असलं की फासे टाकून जमलं की नाही ते बघायचं. रविवारी दुपारी आम्ही चौघी जमायचो: मी, माझी नणंद, शेजारच्या निवृत्त शिक्षिका आणि आमच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळणारी एक तिशीतली बाई. ती खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. तिची आई अजून मासळी विकते.

तिला रूप बदलणारं पात्र हवं होतं. खेळाच्या नियमांच्या पुस्तकात लांडगा, अस्वल आणि गरुड होते.

"ताई, आमच्या खाडीत लांडगा कुठनं आनू?" असं म्हणून तिने स्वतःच तीन रूपं लिहून आणली. चिंबोरी: कवच टणक, पण पळायचं तर आडवं. बगळा: उडता येईल, पण काही उचलून नेता येणार नाही. आणि निवटी, म्हणजे चिखलात उड्या मारणारी, पाण्याबाहेरही तग धरणारी बोटभर मासळी. असे घरगुती नियम तपासून घ्यावे लागतात, नाहीतर एकाच पात्राच्या हातात सगळा खेळ जातो. मी बगळ्यावर अर्धा तास घालवला. निवटी न बघताच पास केली. एवढीशी मासळी काय करणार?

पुढच्या दोन आठवड्यांत मी खाडीतला एक किल्ला रचला. तीन दरवाजे, पहारे, कोडी, सगळं वहीत नकाशासकट. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "भरती हाय का ओहोटी?"

मी न विचार करता ओहोटी म्हणाले.

"मग मी निवटी होते, चिखलातनं मोरीत शिरते, आत जाऊन मानूस होते आन् कडी काढते."

फासे पडले, जमलं. नणंदेने टाळ्या वाजवल्या. "वहिनी, तुझा किल्ला चहा उकळायच्या आत पडला की गं!"

मी हसले, पण मला राग आला होता. तेव्हा तो राग आहे असं मी म्हणत नव्हते. बॅलन्स बिघडलाय, असं म्हणत होते.

त्या आठवड्यात मी निवटीला नियम लावले. एक: दिवसातून एकदाच. दोन: त्या रूपात लागलेली जखम माणूस झाल्यावरही राहील. तीन: कपडे आणि हत्यारं मागे राहतील. एवढं पुरेसं होतं. मी कागदावर करून बघितलं होतं, माप बरोबर येत होतं. तरी मी चौथा लिहिला. माणूस झाल्यावर दिवसभर अंगाला मासळीचा वास येईल, आणि जवळ येणारा कोणीही तिला ओळखेल. मला तो सुचला याचा आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

रविवारी मी चारही नियम वाचून दाखवले. खेळात ती निवटीची परत माणूस होऊन बाजारात शिरली, तेव्हा मी पहारेकरी झाले आणि खरोखर नाकाला पदर लावून म्हणाले, "ए, लांब हो! तिकडे मासळीवाल्यांत बस." नणंद खो खो हसली. शेजारच्या बाईही हसल्या. तिने फासे टाकले, कमी पडले. "बरं," म्हणाली आणि लांब झाली.

त्यानंतरचे दोन रविवार तिने रूप बदललंच नाही. तिन्ही रूपं सोडून तिचं पात्र नुसतं चालत राहिलं. मी नणंदेला फोनवर सांगितलं, "आता बसला बघ बॅलन्स."

मग एका दुपारी पार्सलचा कागद हवा होता म्हणून जेवणाच्या सुट्टीत डिस्पॅचला गेले. ती शटरजवळ खोक्यावर बसून एकटीच जेवत होती. चार वर्षं आम्ही एका कारखान्यात आहोत, पण ती जेवणाच्या खोलीत नसते हे मला माहीत नव्हतं.

"इथे का गं बसलीस?"

"मी इथंच बसते, ताई. पयल्याच आठवड्यात कोनीतरी वासाचं बोललं. खोली बंद असते ना." डब्यावर तिने झाकण ठेवलं. मी काही म्हटलं नव्हतं, तरी ठेवलं.

ते बोलणारं 'कोणीतरी' मी होते का, मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. पण मी तिला विचारलंही नाही. कागद घेतला आणि वर आले. आमच्या घरात मासे शिजत नाहीत, आणि वास हा शब्द माझ्या तोंडून सहज निघतो, एवढं मला माझ्याबद्दल माहीत आहे.

रविवारी मी जाहीर केलं की चौथा नियम रद्द.

"का गं वहिनी? मजा यायची की!"

"फार झाला होता. बॅलन्स जात होता," मी म्हणाले. पुन्हा तोच शब्द. वॉशर परत करताना लिहितात तसं कारण दिलं.

तिने पिशवीतून नवा कागद काढला. शिपाई. भाला, ढाल, बाकी काही नाही.

"अगं, निवटी घे की परत. नियम काढला मी."

"काढलात ते बरं केलंत," ती म्हणाली. "पन सगल्यांनी ऐकून झालाय ना तो. आता मी निवटी झाले की ह्या दोघी तुमच्या नाकाकडंच बघनार."

शेजारच्या बाईंनी वही उघडली आणि तिच्यात बघत राहिल्या. खेळ सुरू करायला मी फासे उचलले, आणि खाली ठेवले. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं.

"तो नियम बॅलन्ससाठी नव्हता," मी म्हणाले. "माझा किल्ला तिने पाडला म्हणून चिडून लिहिला. आणि वासच सुचला, कारण ती कोळीवाड्यातली आहे. चुकलं माझं."

नणंद म्हणाली, "अगं वहिनी, खेळातलं काय एवढं मनावर..." आणि तिचं वाक्य तिथेच थांबलं, कारण कोणीच तिच्याकडे बघत नव्हतं.

"मला म्हाईत होतं, ताई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, सुटकाही नव्हती. "शिपाई दरवाज्यापाशी उभा हाय. फासे टाकू?"

मी टाक म्हणाले. शिपाई चांगला लढला. ती अजून तोच शिपाई खेळते आहे, आणि आधीची तीन रूपं परत घे असं मी तिला म्हटलेलं नाही.