पिकलेले शब्द

मोहाची फुलं आणि किस्से, दोन्हींचं सारखंच. आज टोपलं भरून आणा, उद्या पहाटे झाडाखाली पुन्हा सडा! आम्ही चौघी शेजारणी नाकाडोंगरीच्या जंगलात मोहफुलं वेचायला जातो. म्हातारी पार्बताबुडी, कौसल्या, येनू आणि मी. घरं लागून लागून, म्हणून कोणाच्या चुलीवर काय शिजतं ते मला ठाऊक असतं. कोणी सांगितलं नाही तरी!

*

जंगलात वाघाचं नाव घेत नाहीत. घेतलं की येतो. म्हणून सगळे 'मामा' म्हणतात. पण गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास बुडी म्हणाली, "मामा आयकून आयकून त्याले पाठ झालं वो! आता मामा म्हटलं का मान वर करते."

कौसल्यानं तिथल्या तिथं नवीन नाव ठोकून दिलं, "ढिंबूस!"

ना अर्थ, ना आई-बाप. एवढं मोठं जनावर, अन् ढिंबूस! आम्ही पोट धरून हसलो.

*

दोन चैत बरे गेले. मग जंगलखात्याचा नवा गार्ड आला, पुण्याकडचा. चिखलातले पंजे दाखवून मला म्हणाला, "मावशी, हे कशाचे?"

सवयीनं तोंडातून निघालं, "ढिंबूसचे."

पठ्ठ्यानं रजिस्टरात लिहून घेतलं! मी रस्ताभर हसत आले. बुडी मात्र हसली नाही.

"कागदावर चढला. पिकून राहिला शब्द. पुरा पिकला का हाकेले येते तो."

*

"पिकला कसा ओळखायचा?" मी विचारलं. नाक खुपसल्याशिवाय मला चैन नाही.

"घरी एकटी असशीन तवा मोठ्यानं म्हणून पाह्य."

भर दुपारी तांदूळ निवडता निवडता म्हटलं, "ढिंबूस."

अंगणातल्या शेळीचं रवंथ थांबलं.

मी उठून कडी लावली! काल-परवा आपल्याच शेजारणीनं बनवलेला शब्द, अन् मी दाराला मुसळही आडवं लावलं.

*

त्याच आठवड्यात येनूची गाय गेली. तिच्या डोळ्यांदेखत. माणसं गोळा व्हावी म्हणून येनू ओरडत होती, "ढिंबूस! ढिंबूस!" जितकं ओरडली तितका तो जवळ आला म्हणे.

तेव्हापासून येनू घराबाहेर पडेना. मी रोज चहा घेऊन जायची. एकच बोलायची, "काकू, माह्याच तोंडानं बलावला मी त्याले." पोरीचं अंग नुसतं काडी झालं.

*

शेवटी पुढच्या चैतात माझ्या घरी चौघींची मीटिंग झाली, दार लावून. बुडीनं एकेकीच्या कानात नवा शब्द सांगितला. पिलमू.

"हा तोंडानं बोलाचाच नाही," बुडी म्हणाली. "मनात ठेवाचा. न बोललेला शब्द पिकत नाही."

येनू वर्षभरात पहिल्यांदा हसली. "मंग येईन मी."

*

दुसऱ्या दिवशी फटफटीत उजाडल्यावरच निघालो. येनूनं तिचा पदर माझ्या पदराला बांधला होता. फुलं वेचता वेचता नाल्याकडून आवाज आला. बाईमाणसाचा. हळू, लाडानं बोलावल्यासारखा.

"पिलमू... ये ना, पिलमू..."

बुडी समोरच होती. कौसल्या तिच्या मागं. दोघींची तोंडं बंद.

आवाज येनूचा होता.

पदराची गाठ ताणली गेली. येनू माझ्या कानाशी आली अन् कुजबुजली, "काकू, पिकला का वो?"