शिवम्माक्काचं कुलूप

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. गिऱ्हाईकानं तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला की माझं डोकं सटकतं. आणि घाटनांदूरच्या शिवम्माक्कानं मला एकच प्रश्न अकरा वेळा विचारला होता: "संगू, हे अजून कुणाकुणाला दिसतंय?"

गोष्ट नव्याण्णव सालची. अंबाजोगाईत माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि जोडीला मी दुकानदारांना हिशेबाचे प्रोग्राम विकायचो. अक्काचं घाटनांदूरला भांड्यांचं दुकान. नवरा वारलेला, शिक्षण चौथी, वय पंचावन्न. पण बाई अशी खमकी, की उधारीवाला समोरची गल्ली सोडून मागच्या बोळातून जायचा.

तिला प्रोग्राम हवा होता तो दुकानासाठी नाही. गावातल्या एकतीस बायका दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जायच्या, त्या उन्हाळ्यातच परतायच्या. उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत, पासबुक ठेवणार कुठं? म्हणून सगळी पासबुकं अक्काकडे राहायची. फळीवर चाळीस हंडे मांडलेले. त्यातल्या नेमक्या कुठल्या हंड्यात पासबुकं आहेत ते एकट्या अक्काला ठाऊक. कुणाचे किती, कुठल्या बँकेत, ठेवीची मुदत कधी संपते, हे सगळं ती एका वहीत लिहायची. या कामाचा तिनं कधी एक रुपया घेतला नाही.

त्या वहीनंच घात केला. सत्यभामा नावाची एक बाई भावासोबत ऊस तोडायला जायची. तिचा नवरा बंकट गावात मेंढरं राखायचा, म्हणजे मेंढरं आपापली चरायची आणि हा पत्ते कुटायचा. गडी सातवी शिकलेला. एकदा तांब्या बघायच्या निमित्तानं दुकानात आला, गल्ल्यावर पडलेली वही चाळली, आणि बायकोच्या नावावर चार हजार आहेत हे त्याला कळलं. ती परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं तिला बँकेत नेऊन अंगठा उठवायला लावला. आठ दिवसांत चार हजार पत्त्यांत गेले.

"ते पोरीच्या शिक्षणाचे होते रे," अक्का मला म्हणाली. "मोहिनी दहावीला हाय. बारावी झाली की नर्सिंगला जायचं म्हणतीय. सत्यभामा पुन्हा पहिल्यापासून साठवायली. यावेळी माझ्या दारातून बातमी फुटली तर मी तिला तोंड कसं दाखवू?"

मी तीन प्रोग्राम पुढं ठेवले. पहिला रंगीबेरंगी, त्यात मला कमिशन सगळ्यात जास्त, म्हणून घसा कोरडा पडेपर्यंत मी त्याचंच गुणगान करत होतो. हिशेबाची एक प्रत दर महिन्याला फ्लॉपीवर कंपनीला पाठवायची, म्हणजे काही बिघडलं तर ते दुरुस्त करून देणार.

"कंपनीत कोण बसतंय?"

"माणसंच की, अक्का."

"मंग त्यांना दिसतंय. पुढचा दाखव."

दुसरा फुकटातला, कुणीही उघडावा असा. त्याच्याबद्दल तिनं मला पुरतं बोलूच दिलं नाही. तिसरा अगदी साधा, एक चित्र नाही की रंग नाही, पण पासवर्ड दिल्याशिवाय उघडत नव्हता. पासवर्ड म्हणजे काय ते सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी ती म्हणाली, "चालू मशीन दाखव."

म्हणून तिला शेजारच्या भीमाशंकरच्या कापड दुकानात नेलं. हाच प्रोग्राम मी त्याला विकला होता. तो जेवायला घरी गेलेला. पडद्यावर पासवर्डची चौकट लुकलुकत होती. अक्कानं दोन मिनिटं तिच्याकडे बघितलं.

"टाक," ती म्हणाली. "नमःशिवाय."

मी टाकलं. उघडलं! उघडणारच होतं. आमच्या लिंगायत समाजाचे सात दुकानदार माझे गिऱ्हाईक होते, आणि मीच सगळ्यांना सांगितलं होतं, की मरेपर्यंत विसरणार नाही असा शब्द ठेवा. सातही जणांनी तोच ठेवला होता. मला तर तेव्हा ते सोयीचंच वाटलं होतं.

भीमाशंकरचा सगळा कारभार पडद्यावर उघडा पडला, आणि अक्कानं पटकन तोंड फिरवलं. "बंद कर आधी! दुसऱ्याचं हाय ते." मी बंद केलं. मग ती माझ्यावर जी तुटून पडली! "सात घरांना एक किल्ली, अन् ती तुझ्या खिशात? आरं, देव गळ्यात बांधायचा असतोय, कुलपाला न्हाई! मी वळखलं, तर बंकट वळखायचा न्हाई कावून?"

माझाही पारा चढला. "नसंल घ्यायचं तर राहू द्या!" म्हणून मी तरातरा निघालो. जीप अंबाजोगाईला पोचेपर्यंत मी तिला मनात शिव्या घालत होतो, आणि जीपमधून उतरताना मला माझीच लाज वाटली. त्या आठवड्यात सातही दुकानांत जाऊन मी पासवर्ड बदलायला लावले. मग अक्काच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. नमस्कारादाखल ती नुसती "शरणार्थ" म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

तिनं तिसराच प्रोग्राम घेतला, जोडीला एक जुनं मशीनही. पण आधी एबीसीडी शिकव म्हणाली, कारण पासवर्ड ती स्वतः टाकणार होती. पंचावन्नाव्या वर्षी ही बाई दोन महिने गल्ल्यावर पाटी घेऊन बसली. गिऱ्हाईक हसायचं. "हसा," ती म्हणायची, "तांब्याचा भाव तेवढा वाढवते." शेवटी तो दिवस आला. तिनं चष्मा पुसला, कीबोर्ड ओढला आणि म्हणाली, "संगू, बाहेर जाऊन बस."

"अक्का, विसरलात तर मला पण उघडता यायचं न्हाई."

"पासबुकं हंड्यात हायतच की. पुन्हा लिहीन. तू बाहेर बस."

मी पायरीवर बसलो. खोटं कशाला बोलू, लई अपमान वाटला.

दोन वर्षं गेली. मोहिनी बारावी पास झाली. फी भरायला आठ दिवस राहिले असताना बंकट माझ्या क्लासात आला.

"घाटनांदूरचं मशीन तूच बशिवलंस न्हाई का बे? सत्यभामाच्या नावावर किती हाय, सांग."

"मला म्हाईत न्हाई."

त्यानं पाचशेची नोट काढली. मी पुन्हा तेच म्हणालो. मग त्यानं पोरापोरींच्या देखत माझ्या कानाखाली अशी वाजवली की चष्मा खिडकीपाशी जाऊन पडला. तरी माझं उत्तर तेच, कारण दुसरं माझ्यापाशी नव्हतंच. मी काही शूर माणूस नाही. त्या महिन्यात क्लासचं भाडं थकलं होतं. किल्ली माझ्याकडे असती तर मी त्या नोटेलाच पाघळलो असतो, नोटेला नाही तर थपडेला. त्या बाईनं मला बाहेर बसवून सत्यभामाचे पैसे वाचवले होते आणि माझी अब्रूही.

सत्यभामानं चौदा हजार काढले आणि त्याच दिवशी लातूरला मोहिनीची फी भरली. बंकटला कळलं तेव्हा पावती अक्काच्या हंड्यात जाऊन पडली होती.

अक्कानं मला बोलावून घेतलं. गाल अजून सुजलेला होता. तिनं तो हनुवटी धरून उजेडात बघितला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं फळीवरून एक हंडा उतरवला, आतून एक जुनं पासबुक काढलं आणि माझ्या हातात दिलं. तिचं स्वतःचं! दोन वर्षांत एकतीस बायकांचं सगळं मशीनमध्ये गेलं होतं, पण स्वतःचं तिनं कुणाला दाखवलं नव्हतं.

"माझं बी टाक आता," ती म्हणाली. "तुझ्या हातानं."

मी खुर्ची ओढून बसलो, मशीन सुरू केलं. पासवर्डची चौकट आली. अक्कानं चष्मा पुसला, कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि माझ्याकडे बघितलं.

ती काही बोलायच्या आत मी उठलो आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो.