शेठची राहिलेली सुई

भटू दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, आई गेली." मी भाजी चिरत होते. विळी आडवी केली. तो पुढे म्हणाला, "आता लोक येतील. शेठला तुमच्याकडे बांधू का?" शेठ म्हणजे त्याच्या आईचं, विमलचं, कुत्र्याचं पिल्लू. मला बातमी कळली ती अशी. रडायचं राहिलं, आधी पिल्लाच्या दोरीसाठी खुंटी शोधावी लागली. त्याला आता महिना उलटून गेला... या वयात मयतांना जाऊन जाऊन थकायला होतं, खरं सांगते. गुडघे दुखतात आणि सगळीकडे तेच बोलावं लागतं. विमलच्या दाराशी बसलेल्या बायकाही म्हणत होत्या, "फार चांगली होती हो." फार चांगली वगैरे नव्हती. तोंडाची फटकळ होती. उसनी नेलेली चाळणी परत मागितली तर वर मलाच बोलायची.

आम्ही दोघी खानदेशातल्या, लग्न होऊन सुरतला आलो आणि बमरोलीत एका भिंतीच्या दोन बाजूंना राहिलो. तिचा नवरा लवकर गेला. भटू लूमवर रात्रपाळीला, आणि ती सकाळी सचिन गावातल्या एका कारखान्यात साड्यांचे धागे कापायला जायची. तो घरी यायच्या आधी ही बाहेर पडलेली, ही परतायच्या आधी तो पाळीवर गेलेला. वर्षानुवर्षं मायलेकांची गाठ पडायची ती सुट्टीच्या दिवशी. म्हणून त्यांच्या घरात एक रीत होती. ज्याचं जेवण झालं त्यानं आपलं ताट उपडं ठेवायचं. काम झालं की वस्तू उपडी, राहिलं असेल तर सुलटी. दूध तापवून झालं की वरची झाकणी उलटी. चिठ्ठी नको, फोन नको. आमच्या चाळीत पाळ्यांवर चालणारी बरीच घरं अशीच चालतात.

पिल्लू तिनं गल्लीतूनच उचललं. गल्लीतली कुत्री दर थंडीत व्यायची, पिल्लांना रक्ताची हगवण लागायची आणि एकेक करून मरायची. बायका त्यांच्या गळ्यात काळा दोरा बांधायच्या. तरी मरायची. घमेल्यात घालून खाडीकडे टाकायला विमलच जायची, दुसरं कोणी हात लावत नसे. या खेपेला एकच उरलं होतं, ते तिनं घरात आणलं. मी म्हटलं, "तुझे पाय सुजलेले, जिना चढताना धापा टाकतेस. आता कुत्रं कशाला?"

"इंदे, तुनं काय जास व?" ती म्हणाली. तुझं काय जातंय? "मेलेली पिल्लं टाकून टाकून हात विटले माझे. हे एक मी जगवणार."

दिवसभर झोपतो आणि बसल्या जागी खायला मागतो, म्हणून भटूनं नाव ठेवलं शेठ. विमल त्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं, आधी जंताचं औषध, मग लसीच्या सुया, आणि सगळ्या सुया होईपर्यंत गल्लीत खाली सोडायचं नाही. विमलनं सकाळी मापानं औषध पाजलं, बाटली फळीवर ठेवली आणि कामाला गेली. बाटली उलटी ठेवली तर गळेल, म्हणून सुलटीच ठेवली. भटू आला. त्यानं बघितलं, बाटली सुलटी. म्हणजे आईचं राहिलं. बिचाऱ्यानं पुन्हा पाजलं.

थोड्या वेळानं तो पिल्लू कापडात गुंडाळून माझ्याकडे आला. तोंडाला फेस, पाय लटपटत होते, आणि शेवयांसारखे जंत पडत होते. रिक्षा करून आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "माजी, बे वार पिवडाव्युं?" मी म्हटलं, "दोनदा नाही पाजलं, दोघांनी पाजलं." सलाईन लावलं. जगलं. सुई मात्र पुढे ढकलली.

भटूनं त्या रात्री खाडा केला, आणि संध्याकाळी विमल आल्यावर भिंतीपलीकडे कडाक्याचं भांडण झालं. "तुला विचारता येत नव्हतं?" "कधी विचारू? तू घरात असतेस कधी?" दुसऱ्या दिवसापासून विमल भटू येईपर्यंत थांबायला लागली. शेठनं काय खाल्लं, शी कशी झाली, एवढंच बोलायची. मग चहा व्हायचा. कामाला उशीर व्हायचा, तिथं बोलणी खायची. तरी थांबायची.

पहिली सुई तिनं टोचून आणली, दुसरीही आणली. हडकवाची, म्हणजे कुत्रं पिसाळू नये म्हणून देतात ती, राहिली. त्याआधीच विमलला हृदयानं दगा दिला.

तिचे दिवस झाल्यावर भटू म्हणाला, "मावशी, याला चलथाणकडे उसात सोडून येतो. मी रात्री कामावर, हा घरात एकटा रडतो. शेजारी शिव्या देतात." त्याचं चूक नव्हतं. मलाही कुत्र्यांची हौस नाही. पण मी म्हटलं, "एक सुई राहिली आहे. ती होऊ दे, मग सोड." तो झोपेला आलेला, म्हणून मीच गेले.

टेबलावर ठेवल्यावर डॉक्टरांनी सुई काढली, तसं शेठनं माझा पदर दातानं ओढला आणि आपलं डोकं त्याखाली घातलं. मी दचकलेच. डॉक्टर म्हणाले, "ते बेन एनुं मोढुं ढांकी देता." त्या बाई याचं तोंड झाकायच्या. मला हे ठाऊक नव्हतं. विमल, जी माणसांना एक गोड शब्द बोलायची नाही... मी पदर नीट पसरला. सुई झाली तरी बाहेर येईना.

घरी आले तर भटू गोणपाट घेऊन पायरीवर बसलेला.

"झाली सुई?"

"झाली. पुढच्या वर्षी परत द्यायची आहे म्हणे."

"आणि त्याच्या पुढच्या वर्षी?"

"परत. दर वर्षी असते ती."

त्यानं गोणपाट खाली ठेवलं. "मग सोडायचं कधी, मावशी?"

"मला काय विचारतोस? डॉक्टरला विचार," मी म्हटलं आणि आत गेले.

आता रात्री शेठ माझ्याकडे असतो, सकाळी भटू येऊन घेऊन जातो. मी दमून जमिनीवर टेकले की येतो आणि डोकं पदराखाली घालतो. सुई नाही, काही नाही. दोन लुगडी दातांनी फाडून ठेवलीत मेल्यानं. मी ओरडते... आणि पदर पसरून बसते.