डिकॉक्शन पातळ झालं

लग्न होऊन मी साताऱ्याहून चेन्नईला आले तेव्हा पक्की चहावाली होते, आणि वेलचेरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये चहाचं आधणसुद्धा कधी ठेवलं जात नव्हतं. सासरचं घराणं तंजावरकडचं मराठी, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. सासूबाईंना घरात सगळे अम्मा म्हणतात आणि सासऱ्यांना अप्पा. अम्मांची मराठी मला सुरुवातीला निम्मी कळायची नाही. त्यांची कॉफी मात्र पहिल्याच सकाळी कळली. माझा चहा तिथेच सुटला.

त्या कॉफीला त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. स्टीलचा दोन मजली फिल्टर असतो. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोकं. त्यात पावडर घालून चकतीने दाबायची, वरून उकळतं पाणी ओतायचं आणि वाट बघायची. खालच्या भांड्यात थेंब थेंब काळं डिकॉक्शन उतरतं. ते दुधात मिसळलं की झाली कॉफी. अम्मांनी पावडर कधी चमच्याने मोजली नाही. डबा उघडून वास घ्यायच्या आणि घालायच्या.

मागच्या वर्षी त्यांना ताप आला. उतरलाही लवकर. त्यानंतर कॉफी कडक व्हायला लागली. आधी थोडी, मग जास्त, मग इतकी की पहिल्या घोटालाच जीभ आक्रसायची. अप्पा सगळी प्यायचे आणि नंतर छाती चोळत बाल्कनीत फेऱ्या मारायचे. नवरा ऑफिसला निघायच्या घाईत अर्धी टाकून जायचा. एकदा मी धीर करून म्हटलं, "अम्मा, थोडी कडक होतेय का?"

"पावडरच वाईट आहे," त्या म्हणाल्या. "कॉफी कमी आणि चिकोरीच जास्त घालतात मेले. त्यात मी काय करू?"

मग आम्ही पावडर बदलली, दुकान बदललं. कॉफी आणखी कडू झाली. मला वाटायला लागलं, या मुद्दाम करताहेत. वय झालं, हेका वाढला, असं मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा.

शेवटी एका शनिवारी अम्मा म्हणाल्या, "चल, माझ्यासमोर भाजून दळून घेऊ." स्टेशनजवळच्या एका लहानशा दुकानात आम्ही शेअर ऑटोने गेलो. रस्ता ओलांडायच्या आधीच वास आला. आत भाजण्याचं यंत्र फिरत होतं, गरम बिया नुकत्याच बाहेर पडल्या होत्या आणि त्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं. अम्मा यंत्राकडे न बघता सरळ काउंटरपाशी गेल्या आणि दुकानदाराला तमिळमध्ये विचारलं, "आज अजून कॉफी भाजायला घेतली नाहीत का?"

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने पसाभर बिया कागदावर घेऊन त्यांच्यापुढे धरल्या. अम्मांनी नाक खाली नेलं, जोरात श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग बोटांनी बिया चाचपल्या. अजून गरम होत्या. त्यांनी हात मागे घेतला.

परतीच्या वाटेवर ऑटोत त्या माझ्या कानाशी बोलल्या. "ताप गेल्यापासून हे असं आहे. वाटलं, वास येईल परत. कडू लागते, पण कॉफी लागत नाही. म्हणून मी आणखी घालते."

"डॉक्टरांना दाखवू या ना."

"दाखवू. पण यांना सांगू नकोस." यांना म्हणजे अप्पांना.

मी नाही सांगितलं. डॉक्टरांनी काही महिने रोज वेगवेगळे वास घेत राहायला सांगितलं, लवंग, लिंबू असे, आणि परत येईलच असं नाही, असंही सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून फिल्टर माझ्या ताब्यात आला. आणि माझ्या वैतागाला सुरुवात झाली.

पहिल्या दिवशी पावडर इतकी सैल राहिली की पाणी धो धो खाली आलं. अप्पा कप बघून म्हणाले, "आज दूधच आहे का?" दुसऱ्या दिवशी मी चकती दाबून दाबून बसवली, तर थेंबच पडेना. फिल्टर आपटला, हलवला, शेवटी झाकण काढून चमच्याने ढवळलं आणि सगळा गाळ खाली गेला. अम्मा मागे उभ्या राहून सूचना करायच्या. "एवढी नको." "मग किती?" "अगं, बघून कळतं." मला बघून कळत नव्हतं, आणि त्यांना ज्याने कळायचं ते आता राहिलं नव्हतं. एके सकाळी मी चमचा ओट्यावर टाकला. "तुम्हीच करा मग," असं तोंडातून गेलं. त्या वळून मोरीकडे गेल्या आणि फिल्टरचं वरचं भांडं उजेडात धरून भोकं बघत बसल्या. निम्मी बुजली होती. त्यांनी ते गॅसच्या ज्योतीवर धरलं, अडकलेला चोथा जाळला, घासून माझ्या हातात दिलं.

त्यानंतर थोडं सुधारलं. थोडंच. मी चमच्याने मोजते, तेच पाणी, तीच पावडर, तरी एक दिवस बरी होते आणि दोन दिवस बिघडते. अप्पांना अखेर अम्मांनीच सांगितलं, एका सकाळी, दूध तापत असताना. ते म्हणाले, "मला वाटलं, माझ्यावर रागावली आहेस."

लवंगेचा वास अम्मांना अलीकडे पुसटसा येतो, असं त्या म्हणतात. कॉफीचा नाही. आज सकाळी मी डिकॉक्शन उतरवलं, दुधात मिसळलं, तर रंग फिकट, चव पाणचट. नवरा म्हणाला, सरळ इन्स्टंट आणू. अम्मांनी एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कशी झालीय?"

"पातळ," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि स्टीलचा टंबलर रिकामा करून ठेवला.